उजव्या हाताची मोजणी

सांगलीच्या विश्रामबागेत, एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर रेवती आवटी गेमिंगचे कॉम्प्युटर जोडून द्यायची. सन २०३८मध्ये हा धंदा करणारे फार उरले नव्हते. बहुतेक लोक कंपनीचा बंद डबा आणत, भिंतीला लावत आणि खेळत. तो डबा उघडता येत नसे, बिघडला की टाकून द्यायचा. पण ज्यांना खेळ म्हणजे काय हे कळत होतं ते कराडपासून जतपर्यंतचे लोक रेवतीकडे येत. तिच्याकडे तयार माल काहीच नसे. आधी तासभर बसायचं, हात मोजून द्यायचे, मग ती एकेक पार्ट निवडणार. घाई असलेल्याला ती सरळ दुसरीकडे पाठवायची.

जुलैमधल्या एका गुरुवारी दुपारी नाझनीन शिकलगार जिना चढून वर आली.

"रेवा, मला मशीन पाहिजे," ती खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. "आणि जोडीदारही पाहिजे. पुण्याला चाळिशीपुढच्यांची स्पर्धा आहे. दोघांची जोडी. मी नाव देऊन आले."

"दोघींचं?"

"मग काय एकटीचं?"

रेवतीला हसू आवरेना. सतरा वर्षांपूर्वी या दोघींची जोडी महाराष्ट्रात गाजली होती. नेमबाजीचा खेळ, धनुष्यबाणाचा. पडक्या किल्ल्यातून एकीने वाट काढायची आणि दुसरीने नेम धरायचा. वाट रेवतीची, नेम नाझनीनचा. बंगळूरच्या अंतिम फेरीपर्यंत त्या पोचल्या आणि तिथं ऐन मोक्याच्या क्षणी त्यांचा कॉम्प्युटर बंद पडला. रेवतीनेच जोडलेला होता तो. नव्या ग्राफिक्स कार्डाला खेळ तापला की एकदम जास्त वीज लागायची आणि जुना पॉवर सप्लाय तेवढी पुरवू शकत नव्हता. बस्स, एवढंच. त्या दिवसापासून रेवतीने खेळणं सोडलं आणि जोडणं धरलं. एकमेकांना न झेपणारे पार्ट एका पेटीत घालायचे नाहीत, हे तिनं स्वतःला बजावून ठेवलं होतं.

नाझनीन तेव्हापासून मिरजेला, घरच्या कामात. तिचं घराणं तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांचं. भोपळा, दांडी, कोरीव काम हे तिचा थोरला भाऊ इक्बाल बघायचा. जवारी नाझनीनची. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानसेनं इतका बारीक घासायचा की तार वाजली की तिचा आवाज फुलून यावा. कानसेचा एक घास कमी पडला तर आवाज मुका, जास्त झाला तर चरचरतो. घराण्यात हे काम करणारी ती पहिलीच बाई. लांबलांबचे गवई तिच्याकडे तंबोरे पाठवत.

"कॅबिनेट लहान घे हं," ती म्हणाली. "माझ्या खोलीत पंचवीस भोपळे टांगलेत. तुझा तो फ्रिजएवढा डबा मावायचा नाही."

"लहान घेतला तर हवा खेळणार नाही. कार्ड तापेल."

"मग गार राहणारं कार्ड घे."

"गार राहणारं कार्ड तुझ्या नेमाला पुरणार नाही. भोपळे हलव."

"भोपळे हलणार नाहीत. तू हल."

दोघींनी अर्धा तास असं भांडून घेतलं. शेवटी मधल्या मापाचं कॅबिनेट ठरलं, आणि त्यात बसेल असं आखूड कार्ड, त्याला पुरून उरेल असा पॉवर सप्लाय. मग रेवतीने कपाटातून मोजणीचा पट्टा काढला.

या पट्ट्यानं गेल्या पाचसहा वर्षांत सगळा धंदा बदलून टाकला होता. आपण बोट हलवायचं ठरवतो तेव्हा मेंदूचा हुकूम मज्जातंतूंवरून हातापर्यंत येतो. स्नायूला तो पोचला की तिथं अगदी सूक्ष्म वीज चमकते. त्यानंतर स्नायू आखडून बोट खरोखर हलेपर्यंत सेकंदाचा सुमारे विसावा भाग जातो. एरवी कुणाच्या लक्षातही येणार नाही एवढा वेळ, पण नेमबाजीत तेवढ्यात डाव जातो. मनगटाच्या वर बांधलेला पट्टा ती चमक वाचतो, कॉम्प्युटरमधली पूर्वचाल नावाची चिप तिचा अर्थ लावते, आणि बोट हलायच्या आत पडद्यावर बाण सुटलेला असतो. खेळणाऱ्याला वाटतं, मनात आलं आणि झालं.

मात्र यासाठी चिप आणि हात यांची लय जमावी लागे. चिप हाताच्या फार पुढं धावली तर घाटातल्या बसमध्ये होतं तसं मळमळायला लागतं. मागं राहिली तर तिचा उपयोगच नाही. म्हणून आता मदरबोर्ड, मेमरी, कार्ड, पडदा यांच्याबरोबर माणसाचा हातही जुळवून बघावा लागायचा. रेवती गिऱ्हाइकांना गमतीनं सांगायची, "तुम्हीच सगळ्यात महागडा पार्ट आहात, तुम्हाला बदलता येत नाही."

तिनं नाझनीनच्या उजव्या हाताला पट्टा बांधला. पडद्यावर रेघ उमटली. रेघ थरथरत होती.

"पट्टा जुना झालाय," रेवती म्हणाली. "पुढच्या गुरुवारी ये, नवा मागवते."

पुढच्या गुरुवारी नवा पट्टा होता. थरथर तशीच. रेवतीने चिप बदलली, मदरबोर्ड बदलला, भिंतीतल्या विजेची अर्थिंगसुद्धा तपासली. तिला आता ईर्ष्या चढली होती. एवढ्या वर्षांत तिला न सापडलेला दोष नव्हता.

तिसऱ्या गुरुवारी तिनं साधी गोष्ट केली. पट्टा स्वतःच्या हाताला बांधला. रेघ स्वच्छ उमटली. मग तोच पट्टा, तीच चिप, तीच वायर, नाझनीनचा हात. "हात टॉवेलवर सैल सोड," ती म्हणाली. "काहीही करू नकोस."

निवांत ठेवलेल्या हाताची रेघ सपाट हवी, कुणी ढवळलं नाही अशा पाण्यासारखी. इथं मधूनच एखादी ठिणगी उडत होती. इथं एक, तिथं एक. कुणीही न पाठवलेली.

"बोटं हलवतेस का?"

"नाही गं. बघ ना, पडलाय नुसता."

"आता मूठ वळ."

मूठ वळताना स्नायूत शेकडो छोट्या चमका एकामागून एक येतात, दाट सरीसारख्या. नाझनीनच्या अंगठ्याच्या बाजूला त्या विरळ होत्या. थोड्या होत्या, पण एकेक चमक नको तेवढी मोठी. रेवती त्या रेघेकडे बघत राहिली. काही मज्जातंतू मरून गेले की शेजारचे तंतू त्यांच्या वाटचे स्नायूही आपल्या अंगावर घेतात. मग हुकूम देणारे कमी राहतात आणि प्रत्येकाच्या माथी ओझं जास्त. हे तिला माहीत होतं, कारण पट्ट्याच्या माहितीपुस्तकात शेवटून दुसऱ्या पानावर ते लिहिलेलं होतं. त्याखाली एक ओळ होती: निवांत हातात असे संकेत दिसल्यास वापरणाऱ्या व्यक्तीने मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवावे.

"काय झालं?" नाझनीनने विचारलं. "तोंड का असं केलंस?"

रेवतीने पडदा बंद केला.

"पार्ट मॅच होत नाहीयेत," ती म्हणाली. "दुसरी चिप बघते."

हे वाक्य तिच्या तोंडून इतकं सहज गेलं की तिला स्वतःलाच ते खरं वाटलं. पुस्तकातली ओळ काय, कंपन्या आपल्या अंगाशी येऊ नये म्हणून असलं छापतातच. आपण थोड्याच डॉक्टर आहोत? चाळिशी आली की हात थोडा थरथरतोच. आणि स्पर्धेला दहा आठवडे होते. स्पर्धा होऊ दे, मग सांगू. आत्ता सांगून तिचा आनंद कशाला घालवायचा?

तिनं एक जुनी चिप शोधून काढली. वेगाला ती कमी होती म्हणून कुणी घेत नसे, पण तिची स्मरणशक्ती मोठी होती. पंधरावीस तास एखाद्या हाताबरोबर घालवले की ती त्या हाताची सवय शिकायची, आणि मग हात काय करतोय यापेक्षा हाताला काय करायचं होतं ते ओळखून पडद्यावर तसं घडवायची. मध्ये उडणाऱ्या ठिणग्या ती गाळून टाकायची. विरळ जागा ती भरून काढायची. रेवतीने तिच्याभोवती बाकीचे सगळे पार्ट नव्याने निवडले, मेमरी वाढवली, पडदा बदलला. एवढी सुबक जुळणी तिच्या हातून याआधी कधी झाली नव्हती.

नाझनीनने पहिला बाण सोडला आणि ओरडलीच. "अगं, हा चोविसाव्या वर्षीचा हात आहे माझा!"

ते दहा आठवडे फार सुखाचे गेले. रोज दुपारी जेवणं आटोपली की मिरजेला नाझनीन आणि सांगलीला रेवती आपापल्या मशीनपुढं बसत. कानात एकमेकींचा आवाज असे. "डावीकडं बघ, डावीकडं." "बघतेय, तू पुढं हो की." मधेच नाझनीन म्हणायची, "थांब, हातातून चहाचा कप निसटला," आणि रेवती गप्प व्हायची. एकदा इक्बालने फोन करून सहज विचारलं, "रेवाताई, नाझूला त्या खेळापायी झोप मिळत नाही का? जवारीचं ध्यान उडालंय तिचं. या महिन्यात तीन तंबोरे परत आले. असं कधी झालं नव्हतं." रेवती म्हणाली, "स्पर्धा झाली की होईल सगळं ठीक."

पुण्यात त्या जिंकल्या. शेवटच्या फेरीत नाझनीनने सलग अकरा नेम अचूक साधले. निम्म्या वयाच्या पोरी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. बक्षीस घेताना तिनं ढाल डाव्या हातात धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं त्या परत निघाल्या. कराडला बस थांबली तेव्हा नाझनीनने पाण्याची बाटली रेवतीकडे केली. रेवतीने झाकण उघडून दिलं. पुण्यापासून हे तिसऱ्यांदा होत होतं आणि दोघींपैकी कुणीही त्यावर बोललं नव्हतं.

"रेवा," नाझनीन पाणी न पिताच म्हणाली, "मशीनवर माझा हात चालतो. मग घोडीवर का चालत नाही?"

रेवतीने खिडकीबाहेर पाहिलं. एक बाई कणसं भाजत होती.

"कानस धरली की अंगठा सटकतो. इक्बालला सांगितलं नाही मी. वाटलं, खेळून खेळून दुखावलाय. पण खेळताना तर काहीच होत नाही. खेळताना उलट..." ती थांबली. "तुला माहीत आहे काहीतरी."

"नाझू, खेळताना तुझा हात चालत नव्हता. चिप चालवत होती. मी तशी चिप घातली."

मग तिनं सगळं सांगितलं. निवांत हातातल्या ठिणग्या, विरळ झालेली रेघ, पुस्तकातली ओळ. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"कधी दिसलं तुला?"

"तिसऱ्या मोजणीला."

नाझनीनने मनात हिशेब केला असावा. "अडीच महिने," ती म्हणाली. बस सुटली, कृष्णेचा पूल मागं गेला, तेव्हा ती अगदी शांत आवाजात बोलली. "बंगळूरलाही तुला माहीत होतं ना? पॉवर सप्लाय पुरणार नाही हे?"

हे रेवतीला कुणी कधी विचारलं नव्हतं. "शंका होती," ती म्हणाली. "वाटलं, टिकेल तेवढा वेळ."

"टिकेल," नाझनीन म्हणाली. सांगलीच्या स्टँडवर ती उतरली आणि मागं न बघता मिरजेच्या बसकडे निघून गेली.

मिरजेतच डॉ. सुलभा हेरवाडे यांनी सुया घालून तपासण्या केल्या, दोन वेळा खात्री केली आणि मोटर न्यूरॉनचा आजार असल्याचं सांगितलं. हालचालीचा हुकूम वाहून नेणाऱ्या पेशी एकेक करून मरत जातात. पूर्वी याला काहीच औषध नव्हतं. आता पाठीच्या कण्यात द्यायची इंजेक्शनं होती. ती पेशींच्या मरण्याचा वेग खूप कमी करत, काहींच्या बाबतीत आजार वर्षानुवर्षं थोपवून धरत. पण जे गेलं ते परत येत नसे. इक्बालने विचारलं, "आणि आधी आलो असतो तर?" डॉक्टरांनी उत्तर टाळलं नाही. "तीन महिन्यांपूर्वी अंगठ्यात बरीच ताकद शिल्लक असणार. ती राखता आली असती, असं मला वाटतं."

हे रेवतीला इक्बालनेच फोनवर सांगितलं. तो रागावला नाही, शिव्या दिल्या नाहीत. डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि "ठेवतो" म्हणाला.

त्यानंतर रेवती मिरजेला तीन वेळा गेली. तिन्ही वेळा इक्बालची बायको दारात येऊन म्हणाली, "झोपलीय ती." आतून तंबोऱ्याची तार छेडल्याचा आवाज येत होता.

दुकान रेवतीने चालू ठेवलं, पण मोजणीची पद्धत बदलली. आता ती पहिल्यांदा दोन्ही हात टॉवेलवर निवांत ठेवायला सांगायची, आणि पडदा गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवायची. जे दिसेल ते दोघांना एकदमच. इस्लामपूरच्या एका धडधाकट पैलवानाला तिनं सांगितलं, "तुमच्या डाव्या हाताचे संकेत मला बरोबर वाटत नाहीत. मी डॉक्टर नाही, पण दाखवून घ्या." तो चिडला. "कॉम्प्युटर घ्यायला आलोय, ताई, भविष्य बघायला नाही," म्हणत निघून गेला. महिन्याभराने त्याच्या बहिणीचा फोन आला. मानेत नस दबली होती, ऑपरेशन झालं, आता बरा आहे. रेवतीने "बरं झालं" म्हटलं, फोन ठेवला आणि मोजणीच्या खुर्चीत बसून खूप रडली. तो पैलवान बरा झाल्याचा तिला आनंद झाला होता. पण हे एवढं सोपं वाक्य ती जुलैमध्ये बोलली नव्हती.

फेब्रुवारीत इक्बालचा फोन आला. "नाझू बोलावतेय. हत्यारं घेऊन या म्हणाली."

रेवती गेली तेव्हा दुपारचं ऊन कारखान्याच्या पत्र्यावरून आत उतरलं होतं. वर टांगलेले भोपळे तसेच होते, आणि त्यांच्याखाली नाझनीनच्या मशीनशेजारी दुसरं एक जुनं मशीन मांडलेलं होतं. इक्बाल मांडी घालून घोडीवर कानस चालवत होता, पन्नाशीच्या माणसाला न शोभणाऱ्या भीत भीत हातानं. नाझनीन समोर बसली होती. तिचा उजवा हात मांडीवर होता, एखाद्याने आणून ठेवावा तसा. डाव्या हाताच्या एका बोटानं ती तार छेडायची, ऐकायची आणि सांगायची.

"अजून एक घास. हलका. हलका म्हटलं ना, इक्बाल! ... थांब. आता बोलली बघ."

तिनं रेवतीकडे पाहिलं. चेहरा उतरला होता, पण नजर तीच होती, नेम धरणारी.

"बस," ती म्हणाली. "आधी मोज."

रेवतीने पट्टा काढला. हात उचलून टॉवेलवर ठेवताना तो किती हलका झालाय हे तिला कळलं. तिनं पडदा नाझनीनकडे वळवला.

"सांग."

"अंगठ्याकडे काही नाही," रेवती म्हणाली. "तर्जनीला थोडं आहे. गेल्या वेळेचा चौथा हिस्सा. मधल्या बोटाला निम्मं. डावा हात..." तिनं पट्टा बदलला, दोनदा बघितलं. "डाव्या हातात निवांत असतानाही दोन ठिणग्या दिसल्या. डॉक्टरांना सांग."

"सांगितलंय. त्यांना माहीत आहे." नाझनीनने मान डोलावली. "आता मशीन उघड. ती चिप काढ."

"नाझू, ती काढली तर तुला खेळताच येणार नाही. दुसरं काही करता येईल. मी डोळ्यांच्या हालचालीवर चालणारे पार्ट बघितलेत, या कॅबिनेटात बसतात, मी सगळं जुळवून..."

"ते नंतर बघू. आधी ही काढ. पुण्याहून आल्यापासून चार महिने, रोज खेळतेय मी तिच्यावर. रोज जिंकतेय. कोण जिंकतंय ते मला कळत नाही."

रेवतीने कॅबिनेटचं झाकण काढलं. आपणच घट्ट बसवलेले स्क्रू एकेक करून सोडवले, चिप उपसली आणि तिच्या जागी साधी, काहीच न गाळणारी चिप लावली. इक्बाल कानस खाली ठेवून बघत राहिला.

खेळ सुरू झाला. पडक्या किल्ल्यात नाझनीनची धनुर्धारी बाई उभी होती. तिचा हात थरथरत होता. बाण तिच्या पायाशीच पडला. दुसरा भिंतीवर आदळला. तिसरा सुटलाच नाही. समोरच्या बुरुजावरून कुणीतरी नेम धरला आणि ती कोसळली. सगळं मिळून मिनिटभर चाललं असेल.

रेवतीला वाटलं आता ती रडेल. नाझनीनच्या डोळ्यांत पाणी होतंही. पण ती पडद्यावरून नजर हटवत नव्हती.

"हा हात माझा," ती म्हणाली.

बाहेर कुणाची तरी सायकल थांबली आणि पुढं गेली.

"मी तुला माफ केलंय असं समजू नकोस," नाझनीन म्हणाली.

"नाही समजत."

"दर गुरुवारी ये. मोजायचं आणि जे दिसेल ते सांगायचं. इक्बालसमोर. आणि ते डोळ्यांवर चालणारं काय म्हणालीस, त्याचे पार्ट पण घेऊन ये. आधी मला दाखव, काय कशाला जुळतंय ते. निवडणार मी."

"आणते."

नाझनीनने डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि पुन्हा नेमाच्या जागी नेऊन ठेवला.

"दुसऱ्या मशीनवर तू बस," ती म्हणाली. "वाट दाखव. मी येते तुझ्या मागं."